आधी काय बंद करायचं

खोली बघायला आलेला माणूस आधी काय बघतो? नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो, संडास आत आहे की बाहेर ते बघतो, फार तर खिडकी उघडून वारा येतो का बघतो. शिरूरच्या आमच्या घराची माडीवरची खोली मी आजवर कितीतरी लोकांना दिली. शिक्षक झाले, बँकवाले झाले, कंपनीतली पोरं झाली. सगळ्यांची हीच तऱ्हा. हा एकच माणूस असा, की त्यानं माडीकडं बघितलंसुद्धा नाही. जिन्याखाली वाकला, मीटरच्या डब्यात डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाला, "मावशी, तुमच्या घराला अर्थिंग कुठं दिलंय?"

मी म्हटलं, "घर सासऱ्यांनी बांधलंय. त्यांनाच ठाऊक."

"त्यांना विचारता येईल का?"

"ते वारले."

"मग अर्थिंगही नसणार," असं म्हणाले आणि खोली घेतली. म्हणजे बघा, चांगलं आहे म्हणून घर घेणारे असतात, ह्यांनी बिघडलेलं आहे म्हणून घेतलं.

पुढच्याच रविवारी पहार घेऊन पेरूच्या झाडाखाली खड्डा खणायला लागले. चांगला कमरेएवढा खणला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, वर एक थर कोळसा, एक थर मीठ, परत कोळसा, परत मीठ. शेजारीण भिंतीवरून बघत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आक्का, भाडेकरू कुठनं आणलास गं? मीठ-कोळसा पुरतोय. करणी-बिरणी तर न्हाई ना?" मी म्हटलं, अगं इंजिनियर आहेत ते. ती म्हणाली, "इंजिनियर हाय तर मग मीठ कशाला लागतंय?" मी जाऊन साहेबांना विचारलं तर त्यांनी जमिनीतला ओलावा आणि विजेची वाट असं काहीतरी तासभर समजावलं. मी शेजारणीला एवढंच सांगितलं, की करणी नाही, पण खर्च त्यांचाच आहे. तिचं समाधान झालं.

साहेब म्हणते मी त्यांना, नावानं कधी हाक मारली नाही. साठीला आलेले, उंच, जरा पुढं वाकलेले, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या मागच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडं बघायचे. आता ती खोली दवाखान्यातल्या एका सिस्टरबाईंना दिली आहे. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एकदा चहा पिताना मी सरळच विचारलं. म्हटलं, साहेब, तुम्ही एवढी वर्षं बंगळूरला विमानाच्या कंपनीत होता, तर तिथं नक्की काय करत होता? तर म्हणाले, विमानात दिवे, चहा तापवायच्या शेगड्या, सिनेमाचे पडदे, पायलटच्या पुढ्यातली सगळी घड्याळं, रेडिओ, हे सगळं विजेवर चालतं. ती वीज इंजिनाला जोडलेल्या जनरेटरांतून येते. आता समजा वर आकाशात एक जनरेटर बसला. उरलेल्यावर सगळा भार टाकला तर तोही बसणार. तेव्हा आधी काय बंद करायचं, त्यानंतर काय, आणि अगदी शेवटपर्यंत काय चालू ठेवायचं, हे आधीच जमिनीवर बसून ठरवावं लागतं. ते ठरवायचं काम ह्यांचं.

"म्हणजे लोडशेडिंग," मी म्हटलं.

"अगदी बरोबर," ते खुशीत म्हणाले. "लोडशेडिंगच."

आता मला हसावं की काय करावं कळेना. आमच्याकडं शेताच्या लाइनीवर हेच काम एक वायरमन डुलक्या घेत करतो आणि सगळं गाव त्याला शिव्या देतं. ह्या माणसाला त्याच कामासाठी परदेशात पाठवत होते, मोठ्या हॉटेलात उतरवत होते. मी विचारलं, बरं, मग आधी काय बंद करता? कपातला घोट घेत त्यांनी शांतपणे सांगितलं, "चहा. सगळ्यात आधी चहा-कॉफीच्या शेगड्या."

त्या दिवसापासून आमच्या आळीत त्यांची ओळख झाली ती विमानातला चहा बंद करणारे साहेब अशी. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण एकदा रस्त्यात कुणाला तरी स्वतःच तशी ओळख करून देताना मी ऐकलं.

विमानाची नोकरी सुटली कशी, ते त्यांनी कधी धड सांगितलं नाही. इकडं कारखान्यांच्या भागात विजेवरच्या तीनचाकी रिक्षा करणारी एक कंपनी निघाली होती, तिनं बोलावलं म्हणून आले. मी म्हटलं, साहेब, विमानातून थेट रिक्षात, ही काय बढती म्हणायची का? ते म्हणाले, रिक्षाचं काम जास्त अवघड आहे. "विमानात पायलट शिकलेला असतो, मावशी. रिक्षात पुढं कोण बसेल आणि मागं किती बसतील, हे देवालाही सांगता येणार नाही."

ती रिक्षा ते तपासायला घरी आणायचे आणि मला मागं बसवून बाजारात न्यायचे. मला वाटायचं, काय चांगला भाडेकरू आहे. पुढं कळलं की मी वजन म्हणून असायचे. आधी वाळूची पोती ठेवत होते, पण पोती काय होतंय ते सांगत नाहीत आणि मी सगळं सांगते, म्हणून माझी निवड झाली होती. असंच एकदा घोड नदीच्या पुलावर चढाला लागलो असताना त्यांनी चालत्या रिक्षात एकेक बटण बंद करायला सुरुवात केली. आधी गाणी गेली, मग मागचा दिवा, मग पुढचा काटा पडला, आणि शेवटी रिक्षाच गेली. मागं उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवतोय. तेवढ्यात चार माणसं कुठून तरी आली, कुणी काही विचारलं नाही, रिक्षा ढकलत पुलापार नेली, हात झटकले आणि निघून गेली. मी शरमेनं पदर डोक्यावर ओढून बसलेली. साहेब मात्र त्या पाठमोऱ्या माणसांकडं असे बघत उभे होते, जसं काही देऊळ बघतायत.

"मावशी," ते म्हणाले, "ही सोय विमानात नाही."

घरातून निघताना त्यांचं एक चालायचं. दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायचे, "गॅस." मग जरा वेगळ्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायचे, "बंद." "नळ." "बंद." "इस्त्री." "बंद." पहिल्या आठवड्यात मला वाटलं, वर दुसरं कुणीतरी राहतंय, मी नकळत दोन माणसांना खोली दिली. मग कळलं की विमान उडवायच्या आधी दोघं पायलट असंच करतात, एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं बघून सांगायचं. "एकट्यानं करायची ही गोष्टच नाही," असं ते म्हणायचे, आणि रोज एकट्यानं करायचे. मला ते ऐकवेना. मग मी खालून कांदा चिरता चिरता उत्तरं द्यायला लागले. "इस्त्री." "बंद." एकदा मी चेष्टेनं "चालू" म्हटलं, तर माणूस एसटी स्टँडच्या वाटेवरून परत आला. परत काही मी चेष्टा केली नाही.

आमचं एकदाच भांडण झालं, तेही ह्याच पायी. त्यांनी घरात इन्व्हर्टर बसवला आणि त्यांच्या सवयीनं घराचीही पायरी लावली. लाइट गेली की आधी काय जाणार, तर माझा टीव्ही. मी भर मालिकेत बसलेली, आणि फट्दिशी अंधार. वर जाऊन विचारलं तर म्हणाले, मालिकेत काल जे झालं तेच आज होणार आहे, तुमचं काही अडणार नाही. मी म्हटलं, साहेब, तुमच्या विमानातल्या लोकांना दोन तासांनी उतरून घरी जायचं असतं. मी घरीच आहे. मला कुठं उतरायचंय? दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन काहीतरी केलं आणि टीव्ही वर चढला. त्याच्या बदल्यात खाली काय गेलं, ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. लाइट गेली, माझी मालिका चाललेली, आणि साहेब माडीवर बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेतायत. स्वतःचा पंखा त्यांनी खाली ढकलला होता. मी म्हटलं, अहो हे काय? तर म्हणाले, भार तेवढाच राहिला पाहिजे, एक वर गेला की एक खाली येणार. जसं काही दुसऱ्याच कुणाचा पंखा होता.

आजारी पडले तरी तेच. ताप आला की आधी बोलणं बंद, मग पेपर, मग दाढी. शेवटपर्यंत चालू काय, तर कंपनीतून येणारा फोन. मी पेज घेऊन वर गेले तर हातानंच खुणावलं, की ठेवा. मला तेव्हा वाटलं, ह्या माणसानं सगळ्या आयुष्याचीच अशी पायरी लावलेली दिसते. आणि बोलण्यात एकदाच ओझरती आलेली बायको-मुलगी त्या पायरीत कुठं बसवली, हे विचारायचं धाडस काही मला झालं नाही.

ते मुलीनंच सांगितलं. एके दिवशी दारात रिक्षातून एक पोरगी उतरली. उंच, तीच जरा वाकून बोलायची ढब. साहेब कामावर होते. मी चहा टाकला. तिची आई, म्हणजे साहेबांच्या बाई, नाशिकला शाळेत शिकवत होत्या, भावाशेजारी राहत होत्या. नवरा-बायको वेगळे झाले नव्हते, नुसते एकत्र नव्हते. पोरगी पुण्यात नोकरीला, तिथंच दौंडकडचा एक मुलगा भेटला, त्याच्याशी लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आली होती.

"आजी," ती म्हणाली, "माझ्या प्रत्येक वाढदिवसाला कुठला तरी जनरेटर बंद पडायचा. दहावीच्या निकालाला पडला. आजोबा गेले तेव्हा पडला. मला सगळ्या जनरेटरांची नावं पाठ आहेत."

हसतच सांगत होती. रडून झालेलं माणूस तसं हसतं. मग पत्रिका माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मला त्यांच्याकडून काही नको. मंगलाष्टकं होईपर्यंत त्यांनी माझ्या डाव्या हाताला उभं राहायचं, मला दिसतील असं. मामा मागं असेलच. आईला वाटतं मी उगीच आशा धरतेय. तेवढा वेळ त्यांना धराल का तुम्ही?"

मी म्हटलं, बाळ, माझं माहेर दौंडचं आहे, त्या गावात माझ्या हातून कुणी निसटत नाही. मोठ्या तोंडानं शब्द देऊन बसले.

लग्नाच्या दिवशी निघायच्या आधी मी साहेबांची पिशवी तपासली. टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी, आणि वायरीला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं एक यंत्र. लग्नाच्या पिशवीत! सगळं काढून माझ्या कपाटात कुलूपबंद केलं. एसटीनं न्हावरं मागं टाकलं. चौफुला आला तेव्हा म्हणाले, "मावशी, कार्यालयाचा जनरेटर किती मोठा आहे, काही कल्पना?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

उन्हाळ्यातलं दौंड, वर दुपारचा मुहूर्त. कार्यालय माणसांनी गच्च. मुलाकडचे मोठे बागायतदार, उसाचं रान, सोसायटीत वजन, तेव्हा लग्न नुसतं लग्न कसं राहील? स्टेजमागं भिंतीएवढा पडदा, त्यावर नवरा-नवरीचे हलते फोटो. डीजे. नवरदेवाच्या खोलीला एसी. बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या बाजूला कूलर. आणि माईक, अर्थात. आमच्याकडं पाहुण्यांचे फेटे, नारळ, सत्कार आणि शुभेच्छांची भाषणं झाल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. मुहूर्त पत्रिकेवर असतो, तो तिथंच राहतो.

साहेबांनाही गुलाबी फेटा बांधला. बाई पुढच्या रांगेत भावाजवळ बसल्या होत्या. ह्यांनी मान हलवली, त्यांनी मान हलवली. बस्स. मी साहेबांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. थोड्या वेळानं म्हणाले, हात धुवून येतो. हात धुवायला इतका वेळ लागतो का, म्हणून मी मागं गेले, तर जनरेटरच्या शेडपाशी कार्यालयाच्या वायरमनशी बोलत उभे. चाळिशीचा गडी, घामानं निथळलेला, सांगत होता, "साहेब, मी मालकाला कवाचं म्हनतोय, एवढं लोड ह्ये मशीन उचलत न्हाई. पर ऐकतंय कोण?" साहेबांचे दोन्ही हात मागं बांधलेले होते. म्हटलं, हत्यारं माझ्या कपाटात आहेत, बोलू दे बिचाऱ्याला. नुसत्या बोलण्यानं काय होतंय?

परत आले आणि शहाण्यासारखे बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

भाषणं सुरू झाली. एका कारखान्याचे संचालक उठले. वधूवरांना शुभेच्छा दिल्या, तिथून वराच्या आजोबांवर आले, आजोबांवरून पाण्याच्या पाळीवर, आणि पाण्यावरून उसाच्या भावावर. भटजी घड्याळाकडं बघत होते, पण मधे बोलायची कुणाची टाप होती? आत मुलगी शालू नेसून वाट बघत बसलेली. आणि लाइट गेली.

मागं जनरेटर धडधडला. कूलर फिरायला लागले, स्वैपाकघरातला पाण्याचा पंप सुरू झाला, पंखे आले. पडदा मात्र काळाच राहिला. डीजे गेला. नवरदेवाच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं की एसी बंद आहे. आणि संचालकांचं तोंड हलतंय, हात हलतोय, पण आवाज नाही. त्यांना स्वतःला ते कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी माईकवर टिचकी मारली. मग मागं उभ्या असलेल्याकडं बघितलं. मग बसले.

मी साहेबांकडं वळले. पोटभर जेवून सुपारी खाल्लेल्या माणसासारखा चेहरा.

"साहेब, हे तुमचं काम?"

"मी जागेवरून उठलो का?" ते म्हणाले.

नवरदेवाचा चुलता तडक मागं गेला. वायरमन खरं बोलणारा निघाला, त्यानं सांगितलं की मुलीच्या वडलांनी क्रम लावून दिला, त्याप्रमाणं मी बटणं पाडली. चुलता आला तो लालबुंद होऊन.

"पाव्हणं, सायबांचा माईक तुम्ही बंद करायला लावला?"

साहेब उभे राहिले, फेटा सावरला आणि मनापासून समजावायला लागले. नुसता माईक असता तर चालला असता, पण त्याच्यामागं एवढाले स्पीकर आहेत आणि ते डीजेच्या लाइनीवर आहेत. सगळं एकदम ओढलं तर मशीन बसेल. "म्हणून क्रम लावावा लागतो. भाषण थांबल्यानं कुणाला चक्कर येत नाही. पंखा थांबल्यानं येते."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. तिथं सगळं बिघडलं. चुलता म्हणाला, "आमच्या घरच्या कार्यात कोण मोठा आन् कोण बारका, ह्ये तुम्ही ठरवनार व्हय?" आणि मागं जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं सगळी बटणं वर केली. पडदा उजळला, डीजे किंचाळला, संचालक अर्धवट उठले. मग मागून एक कण्हल्यासारखा आवाज आला, शेडवर काळा धूर दिसला आणि सगळंच बंद पडलं. कूलर, पंखे, पंप, सगळं. एवढा मोठा हॉल, आणि नुसती माणसांची कुजबुज.

त्या शांततेत भटजींना संधी मिळाली. "मुलीला आणा, मुहूर्त जातोय," ते म्हणाले. मामा मुलीला घेऊन आला, नवरदेव घाम पुसत पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला. मुलीनं मान वळवून डाव्या हाताला बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

कारण साहेब हॉलच्या मधोमध उभे होते. मागच्या दारातून वायरमन पळत आला होता. "साहेब, सुरूच व्हईना. तुमी चला, तुमाला कळंल." चुलताही त्याच्या मागं, आता आवाज उतरलेला. "पाव्हणं, झालं-गेलं सोडा. एवढं बघा. म्हातारी माणसं हायती." आणि खरं सांगते, साहेबांचं अंग दाराकडं वळलेलंच होतं. एक पाय पुढं पडलाही होता. जन्मभर ज्याची वाट बघावी असा क्षण. सगळ्यांसमोर ते बरोबर ठरले होते आणि मशीन त्यांच्याशिवाय उठत नव्हतं.

मी त्यांच्या कोटाची बाही धरली. शब्द दिला होता ना. तर पुढच्या रांगेतून बाई हळूच म्हणाल्या, "सोडा, मावशी. ते जाणारच."

रागानं नव्हत्या म्हणाल्या. गाडी किती वाजता सुटते हे सांगावं, तसं म्हणाल्या. साहेबांनी ते ऐकलं. माझ्या हातातली बाही ताणलेली होती, ती सैल झाली. त्यांनी वायरमनला विचारलं, "आत कुणाला ऑक्सिजन लावलाय का?"

"न्हाई, साहेब."

"कुणी लिफ्टमध्ये अडकलंय?"

"लिफ्टच न्हाई हितं."

"मग दारं-खिडक्या सगळ्या उघडा. म्हाताऱ्यांना बाहेर लिंबाखाली बसवा, पाणी द्या." आणि वळून स्टेजच्या पायऱ्या चढले.

मंगलाष्टकं माईकशिवाय झाली. भटजींचा गळा बरा होता, पण मागच्या निम्म्या हॉलला काही ऐकू येत नव्हतं. पुढच्यांनी अक्षता टाकल्या की मागचे टाकत होते. माझ्यामागं कुणीतरी सारखं विचारत होतं, झालं का, झालं का. संचालक पत्रिकेनं वारा घेत होते. बाई ताठ बसून स्टेजकडं बघत होत्या, एकदाही पापणी पडली नसेल. आणि साहेब मुलीच्या डाव्या हाताला, तिला दिसतील असे, उभे. फेट्यातून घाम नाकावर येतोय तरी पुसत नाहीत. मागून वायरमन मशीनला चावी मारत होता, ते दरवेळी थोडं खोकून बंद पडत होतं, आणि प्रत्येक खोकल्याला साहेबांची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. मान मात्र एकदाही वळली नाही. पायलट लोकांना परीक्षा असतात म्हणे. ह्या माणसाची परीक्षा मी पाहिली, भर दुपारी, दौंडला.

शेवटचं सावधान झालं. अंतरपाट निघाला, हार पडले, तोंडानंच पिपाणी वाजवत कुणीतरी हौस भागवली. मुलीनं नवऱ्याच्या गळ्यात हार घातला आणि त्याच्याकडं नीट बघायच्या आधी डावीकडं वळली. डोळे भरलेले, आणि ओठांवर हसू मावत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "आता जा."

साठीचा माणूस, पण असा पळाला म्हणता! पायऱ्या दोन-दोन उतरला, फेटा सुटून शेपटासारखा मागं, आणि लहान मुलासारखं तोंड फुललेलं. पहिल्या रांगेपाशी मात्र थबकला. रीतभात आठवली असेल. संचालकांपुढं वाकून धापा टाकत म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं द्या. माईकला वेगळी लाइन काढून देतो. तुमचं भाषण राहिलंय."

संचालकांनी पत्रिकेनं वारा घ्यायचं जरा थांबवलं.

"माईकचं राहू द्या, पाव्हणं," ते म्हणाले. "आधी पंखा लावा."